वाईत राहिलेल्या रंजनाकाकू

वाईची गोष्ट निघाली की लोक अजून हसतात. अशोककाका ती फार रंगवून सांगतात, असं कानावर येतं. रविवारची सहल, दोन गाड्या, आणि घरची बाईच मागे राहिली. या गाडीला वाटलं ती त्या गाडीत आहे, त्या गाडीला वाटलं ती या गाडीत. ऐकणारा हसणारच. त्या दिवशी रंजनाकाकूंबरोबर मागे राहिलेली दुसरी बाई मी होते, आणि मला त्यात हसण्यासारखं अजून काही सापडलेलं नाही. मला राग येतो.

काकू रागीट होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांचा विषय निघाला की लोक घाईघाईनं ‘तशा मनानं चांगल्या हो’ म्हणतात आणि त्यांचा राग पदराखाली झाकल्यासारखा झाकतात. मला तो झाकायचा नाही. त्यांच्यात मला सगळ्यात जास्त काही आवडलं असेल, तर तो रागच.

सांगलीच्या विश्रामबागेत त्यांच्या बंगलीच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. जवळच्या कॉलेजात तासांवर शिकवायचं काम मिळालं होतं. जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून जायचा, त्यामुळे घरातलं हवामान मला खोलीत पोचण्याआधीच कळायचं. राग थोडा असला की भांडी वाजायची. जास्त असला की घर शांत. रागावलं की इतरांचा आवाज चढतो, काकूंचा खाली जायचा. इतका, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागायचं. आणि पुढे वाकलेल्या माणसाला त्या सोडत नसत. दूधवाला, शेजारची गाडी फाटकासमोर लावणारा मुलगा, टीव्हीवर बातम्या देणारा माणूस, सगळ्यांना त्यांनी याच खालच्या आवाजात झाडलेलं मी ऐकलंय.

माहेर लोणंदच्या पलीकडचं. वडील फौजेत, दोन भाऊ फौजेत. “आमच्यात हुकूम गड्यांचा आन् हमाली बायांची,” असं सांगायच्या. “तिथनं सुटले आन् हितं आले.” पुढे काही बोलायच्या नाहीत. पुढचं दिसतच होतं.

अशोककाका साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. माणूस उमदा, चार लोकांत रमणारा, आणि फिरायचं वेड असलेला. त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र संपतराव, त्यांच्या पत्नी मंगलवहिनी, आणि काकूंचा मुलगा निखिल, एवढी मंडळी ठरलेली. अधूनमधून माझीही भरती व्हायची. शनिवारी संध्याकाळी चहा पिऊन झाला की काका कप खाली ठेवत म्हणायचे, “उद्या जरा बाहेर पडू.”

या ‘जरा’चा काकूंना संताप यायचा. काकांची सहल सकाळी गाडीत बसल्यावर सुरू व्हायची. काकूंची शनिवारी संध्याकाळी, त्याच मिनिटाला सुरू व्हायची, लसूण सोलण्यापासून. दशम्या, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, दहीभात, ताटं, वाट्या, पाण्याचा जार, सतरंजी. मी मदतीला खाली गेले की सुरी न थांबवता म्हणायच्या, “सहल म्हणं. हितं वाढायचं ते तिथं जाऊन वाढायचं. झाडं तेवढी बदलत्यात.”

आणि तिथं पोचून ताटं वाढली की काका पहिला घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “मीठ जरा कमी झालंय.” किंवा जास्त झालंय. बेताचं झालंय, असं मी एकदाही ऐकलं नाही.

दंडोबाच्या डोंगरावर एकदा त्यांना ते म्हणायलाच मिळालं नाही. देवळात जाऊन आलो, झाडाखाली सतरंजी टाकली, काकूंनी डबे उघडले आणि वरून माकडं आली. एका थोराड माकडानं वांग्याचा डबाच काखेत मारला आणि ते फांदीवर जाऊन बसलं. संपतराव काठी शोधत धावले. काका चप्पल उगारून ओरडत होते. निखिल मोबाईलवर शूटिंग करत होता. मंगलवहिनी दशम्यांवर आडव्या पडल्या होत्या. माकड शांतपणे एकेक वांगं काढून, चाटून, खात होतं.

काकू हात बांधून वर बघत उभ्या होत्या. काका चिडून म्हणाले, “नुसती बघत काय बसलीयस? डबा स्टीलचा आहे.”

“खाऊ द्या,” काकू म्हणाल्या. “तीन वांगी झाली त्याची. मिठाचं नाव काढलं न्हाई अजून.”

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. त्या विनोद करत नव्हत्या, हे मला परतीच्या वाटेवर लक्षात आलं, कारण त्या मिरजेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

मग ठोसेघर. धबधबा बघून परत निघताना काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागची चाकं चिखलात रुतली. संपतराव आपल्या गाडीनं पुढे निघून गेलेले. काका स्टिअरिंगवर, ते उतरणं शक्य नव्हतं, कारण गाडीची नस फक्त त्यांनाच माहीत. निखिल बाजूला उभा राहून हातानं डावी-उजवी दाखवत होता. ढकलायला मागे कोण, तर काकू आणि मी. काकूंनी भावानं दिलेलं मोरपंखी पातळ नेसलं होतं. चाक फिरलं आणि तो सगळा लाल चिखल त्यांच्यावर उडाला, डोक्यापासून पायापर्यंत. गाडी निघाली. निखिल पळत जाऊन आत बसला. चढावर थांबवली तर पुन्हा रुतेल म्हणून काकांनी ती थेट वरच्या वळणापर्यंत नेली, आणि तिथे उभी करून हॉर्न वाजवू लागले.

आम्ही चिखलातून चालत वर गेलो. हॉर्न वाजतच होता. काकू दाराशी आल्या तेव्हा काका म्हणाले, “थांब, सीटवर पेपर टाकू दे आधी.”

काकूंनी पेपर टाकून घेतला. त्यावर बसल्या. तोंडावरचा चिखल त्यांनी पुसला नाही. साताऱ्यापर्यंत नाही, कराडला चहाला थांबलो तेव्हाही नाही. तशाच चिखलभरल्या तोंडानं त्या हॉटेलात, सगळ्या लोकांसमोर, चहा प्यायल्या. काका हळूच म्हणाले, “अगं, नळ आहे तिकडं.” काकू त्याहून हळू आवाजात म्हणाल्या, “असू दे. लोकास्नी कळू दे की आमी सहलीला गेलतो.”

त्यानंतर आली वाई.

सांगलीहून पहाटे निघालो. एका गाडीत काका, निखिल, काकू आणि मी. दुसरीत संपतराव आणि मंगलवहिनी. वाईत गणपतीचं दर्शन, घाटावर थोडा वेळ, मग धोम धरणावर जाऊन जेवण, असा बेत. वाटेत गड्यांच्या सोयीसाठी गाडी दोनदा थांबली. रस्त्याकडेला झाडाआड त्यांचं काम होऊन जातं. आमच्यासाठी कुणी विचारलं नाही. काकूंनी साताऱ्याच्या अलीकडे एकदा विचारून पाहिलं. काका म्हणाले, “आता काय, वाई आलीच.” त्यानंतर काकू खिडकीबाहेर बघत ताठ बसून होत्या.

दर्शन झाल्यावर त्या निखिलला म्हणाल्या, “आमी दोघी स्टँडवर जाऊन येतो. थांबा हितंच.” निखिल मोबाईलमध्ये बघत ‘हं’ म्हणाला. एसटी स्टँडवर बायकांची रांग होती. वेळ लागला. परत आलो तर गाड्या उभ्या होत्या त्या जागी एक उसाच्या रसाचा गाडा लागला होता.

“वळवून आणायला गेली असतील,” काकू म्हणाल्या. “हितं लावू देत न्हाईत जास्त वेळ.”

आम्ही उभ्या राहिलो. “पेट्रोल भराय गेली असतील,” त्या म्हणाल्या. आणखी थोड्या वेळानं, “संपतभावजींचं काय तरी राहिलं असंल मागं.” इतक्या सबबी त्यांनी स्वतःसाठी कधी शोधलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. माझ्याजवळ मोबाईल होता. काकूंचा गाडीतल्या पिशवीत राहिला होता. मी म्हटलं, “काकू, फोन करू का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आला.

“नगं करू. बघू या, कवा आठवण येते.”

घाटाच्या पायऱ्यांवर सावली धरून आम्ही बसलो. समोर कृष्णा. पोरं पाण्यात उड्या मारत होती, एक बाई गोधडी धूत होती. मी फोन हातात धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, वाज रे बाबा. मला भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. वेळ होईल तसा काकूंचा चेहरा घट्ट होत चालला होता, आणि फोन उशिरा वाजला तर काय होईल हे मला समजत नव्हतं.

ऊन पायऱ्या उतरत आमच्या पायाशी आलं तेव्हा फोन वाजला. निखिल. मी स्पीकर लावला.

“मॅडम, आई आहे का तुमच्याजवळ?”

“आहेत.”

मागे कुणीतरी ओरडलं, “सापडली, सापडली,” आणि मोठा हशा झाला. संपतरावांचं खो-खो हसणं ओळखू येत होतं. निखिलही हसत म्हणाला, “आम्हाला वाटलं ती संपतकाकांच्या गाडीत आहे, त्यांना वाटलं आमच्या. थांबा तिथंच, हां. जेवून लगेच निघतो आम्ही.” आणि मग, “जरा आईला विचारा ना, ताटं कुठल्या पिशवीत आहेत? मघापासून शोधतोय.”

म्हणून आठवण झाली होती.

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. “निळ्या पिशवीत,” त्या म्हणाल्या. “तळाला. वर पेपर घातलाय.”

“हां, बरं. आई, तू—”

“वांगं ढवळून घ्या. तेल वर आलं असंल.” आणि त्यांनी फोन बंद केला.

मग उठल्या, पदर खोचला आणि स्टँडकडे चालू लागल्या. मला वाटलं सातारची गाडी धरतील. त्यांनी फलटणकडे जाणारी धरली. “हायवेनं गेलो तर गाठत्यात आपल्याला,” म्हणाल्या. “लोणंदला उतरू. तिथनं रेल्वे हाय.” मी निखिलला एवढंच कळवलं की आम्ही सुखरूप आहोत आणि आमच्या आम्ही येतो. त्यानंतर फोन सारखा वाजत राहिला. काकू म्हणाल्या, “तो आवाज बंद कर,” आणि मी केला.

लोणंदला उतरल्यावर मी विचारलं, माहेरी जायचं का.

“तिथं गेलं की भावजय दमलेली दिसंल आन् मीच चुलीपुढं बसंन,” त्या म्हणाल्या. “आज न्हाई.”

स्टेशनजवळच्या छोट्या हॉटेलात आम्ही मिसळ मागवली. काकूंनी पहिला घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि वाढणाऱ्या माणसाला बोलावलं. “रश्श्यात मीठ कमी हाय,” त्या म्हणाल्या. त्यानं मुकाट्यानं मिठाची वाटी आणून ठेवली. काकूंनी तिला हात लावला नाही. रस्सा मात्र दोनदा मागून घेतला.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. कराड सुटल्यावर काकू बाहेर बघत म्हणाल्या, “एकदा तरी मागं बघायचं की गं. गाडीला तीन तीन आरसे असत्यात.”

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळे आमच्या आधी येऊन बसले होते, संपतराव आणि मंगलवहिनीही. काका व्हरांड्यातच उभे होते.

“काय पोरखेळ लावलाय हा?” ते म्हणाले. “सगळी वाई पालथी घातली आम्ही. माणसं दमली. आणि तुम्ही मॅडम, शिकलेल्या, तुम्हाला तरी कळायला हवं होतं.”

काकू त्यांच्या बाजूनं आत गेल्या, सरळ स्वयंपाकघरात. पिशव्या ओट्यावर तशाच पडल्या होत्या. त्यांनी एकेक डबा काढला आणि उघडला. दशम्यांचा रिकामा. दहीभाताचा रिकामा, कडेला शितं वाळलेली. वांग्याच्या डब्यात चमचा होता आणि तळाला नुसतं तेल. तो डबा त्यांनी उचलला, बाहेर आणला आणि सगळ्यांच्या मधल्या टीपॉयवर ठेवला.

“कोण दमलं?” त्यांनी विचारलं. इतक्या हळू, की पंखा चालू असल्यानं संपतराव पुढे वाकले. “वांगं पुरलं का समद्यांना?”

मंगलवहिनींनी मान खाली घातली. काका म्हणाले, “मग केलेलं वाया घालवायचं का?”

ते वाक्य मी कधी विसरणार नाही. चांगला माणूस हो तो. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय न सोडणारा. आणि त्याला खरोखरच वाटत होतं की हा प्रश्न बिनतोड आहे.

“बरोबर हाय,” काकू म्हणाल्या. “माणूस मागं राहिलं तर चालतंय. वांगं वाया जाया नगं.”

निखिल उठला, डबा घेऊन आत गेला. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

मला वाटलं होतं काकू आता सहलीला जायचं सोडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. पुढच्या वेळी काकांनी ‘जरा बाहेर पडू’ म्हटलं, तेव्हा त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि टीव्ही बघत बसल्या. सकाळी सगळ्यांच्या आधी चांगलं पातळ नेसून गाडीत जाऊन बसल्या, हातात फक्त पर्स. औदुंबरला दर्शन झालं, झाडाखाली सतरंजी टाकली, सगळ्यांनी हात धुतले आणि गोल करून बसले. काका म्हणाले, “काढ की.”

“काय काढू?”

“डबे.”

“मी न्हाई आणलं. तुमी आणलं न्हाई का?”

संपतरावांना आधी तो विनोद वाटला. ते हसले आणि हसता हसता थांबले. शेवटी सगळे देवस्थानच्या प्रसादाच्या रांगेत उभे राहिले, काका सगळ्यात मागे, तोंड फुगवून. वाढणाऱ्यानं आमटी वाढली. काकूंनी नवऱ्याकडे बघून विचारलं, “मीठ बेताचं हाय न्हवं?” काका जेवता जेवता उठून गेले.

आठवड्याभरात त्यांनी मला खोली सोडायला सांगितली. पाहुणे यायचेत, असं कारण दिलं, जिन्यात मात्र म्हणाले, “घरात चार गोष्टी नीट चालल्या होत्या, मॅडम.” म्हणजे मी बिघडवलं होतं. छप्पन्न वर्षांच्या बाईला राग यावा, तर तो वरच्या खोलीतल्या भाडेकरणीनं शिकवलेला असणार. तिचा स्वतःचा कुठून असेल.

काकू त्यावरून काकांशी काय भांडल्या ते मला माहीत नाही; घर दोन दिवस शांत होतं. मी निघाले त्या सकाळी त्यांनी माझी गादी स्वतः गुंडाळून डोक्यावर घेतली आणि जिना उतरल्या. रिक्षात ती कोंबताना माझ्यावरच उखडल्या.

“तू का भांडली न्हाईस? त्येनी म्हटलं आन् तू सामान बांधलंस. एवढी शिकलीस कशापायी?”

मी म्हटलं, “काकू, घर तुमचं आहे. मी काय बोलणार?”

“माझं हाय व्हय?” त्या म्हणाल्या. “मग मला विचारलं का कुणी?” आणि निरोप न घेता आत गेल्या. मी रिक्षात बसून रडले. वाईटही वाटत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि तो नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं.

पुढे मला साताऱ्यात नोकरी लागली. काकूंचा फोन सणावारी यायचा. कोण कसं चुकलं याची हकिगत सांगायच्या आणि ठेवून द्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या मंडळींबरोबर बामणोलीला गेले होते. कोयनेच्या पाण्यात बोटी फिरत होत्या. आम्ही आमच्या नंबराची वाट बघत काठावर उभे होतो. एक बोट काठापासून थोड्या अंतरावर थांबली होती आणि तिच्यातून वाद ऐकू येत होता. आत तीन बायका, नऊवारी-सहावारीवर नारिंगी जाकिटं घट्ट आवळलेली. मधली उठून उभी राहिली होती.

“मावशी, बसा की खाली,” बोटवाला म्हणत होता. “फेरी संपली. लोकं थांबल्यात.”

“संपली असंल तुझी,” ती बाई म्हणाली. “आमची न्हाई संपली. त्या डोंगरापतोर नेतो म्हणलावतास. न्हेलंस का?”

आवाज एरवीपेक्षा मोठा होता, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला. काकू थोड्या वाळल्या होत्या. केस सगळे पांढरे झाले होते. शेजारी बसलेल्या दोघींपैकी एक मंगलवहिनी. त्या बोटीची कड घट्ट धरून हसत होत्या. गड्यांपैकी कुणी काठावर दिसलं नाही.

मी हात वर करून हाक मारली, “काकू.” वाऱ्यानं ती गेली की नाही कोण जाणे. त्यांनी काठाकडे पाहिलं, तिथे ताटकळलेल्या आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

बोटवाल्यानं आमच्याकडे बघून हात हलवले, मी तरी काय करू, अशा अर्थानं. मग इंजिन सुरू केलं आणि बोट पुन्हा डोंगराच्या दिशेनं वळवली.